नणंदेचा पाव

आमच्या गावात नवे फादर आले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, एक मी सोडून. फादर कोलमन शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेले. बाहीला नाक पुसायचे म्हणून मी त्यांना कितीदा कोपऱ्यात उभं केलं होतं. आता त्याच पोरापुढे बसून आपली पापं सांगायची? मी सरळ बस धरून पलीकडच्या गावी जायला लागले. तिथल्या म्हाताऱ्या फादरना मी कोण ते माहीत नव्हतं, आणि ऐकूही बेताचंच यायचं. फार सोयीचा माणूस.

पण ईस्टरच्या तोंडावर माझा गुडघा सुजला आणि बसची पायरी चढवेना. ईस्टरआधी पापांची कबुली चुकवून चालत नाही, म्हणून शेवटी डोक्याला रुमाल गुंडाळून मी आमच्याच चर्चमध्ये कबुलीच्या त्या अंधाऱ्या लाकडी खोलीत शिरले. जाळीपलीकडे कोलमन होता. मी आवाज घोगरा काढला.

“फादर, मी पाप केलंय. थोडा गर्व केला, थोडी चिडचिड...”

पलीकडून नाक ओढल्याचा सूं सूं असा आवाज आला.

“रुमाल कुठाय तुझा?” तोंडातून निघूनच गेलं.

मग हळूच, “खिशात आहे, बाई.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पळावं तर गुडघा साथ देईना.

“बोला ना बाई. चिडचिड कुणावर?”

“नोरावर. माझ्या नणंदेवर.” घोगरा आवाज केव्हाच गेला होता. “दर आठवड्याला सोडा घातलेला पाव घेऊन येते. विटेसारखा. मी म्हणते, ‘वा नोरा, काय मऊ झालाय!’ आणि तिची पाठ वळली की समुद्रपक्ष्यांना टाकते. हल्ली तेही खात नाहीत.”

लाकडी खोली करकरली. कोलमन हसू दाबत होता.

“हसू नकोस! हसू नका, फादर. पुढचं ऐका. मी इतकं कौतुक केलं, की ती आता तो पाव चर्चच्या जत्रेतल्या स्पर्धेत ठेवणार आहे. गाव हसेल तिला. माझ्यामुळे.”

एवढं बोलले आणि डोळे भरून आले. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि स्वतः एका पावापायी खोटारडी झाले.

“तिला सांगा, बाई,” तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं. “हेच प्रायश्चित्त.”

“त्यापेक्षा रोज जपमाळ ओढते की!”

“घासाघीस नाही.”

मी तशीच लंगडत नोराकडे गेले आणि दारातच सगळं ओकून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, “अट्रॅक्टा, तू आमच्या घरात आलीस तेव्हापासून ढोंगी आहेस,” म्हणाली आणि दार लावलं. स्पर्धेतून तिनं नाव काढलं. ईस्टरला चर्चमध्ये माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बऱ्याच दिवसांनी ती आली आणि दुकानातला पाव माझ्या टेबलावर आपटला.

“हा घे, विकतचा. आता खरं सांग.”

मी एक तुकडा तोंडात टाकला. “भुसा आहे, नोरा.”

“तुला काही आवडतं तरी का गं?” ती खेकसली, आणि खुर्ची ओढून चहाची वाट बघत बसली.