विमलताईंचे बुडबुडे

सकाळी आठ वाजता डायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तराने विमलताईंना पाण्याबाहेर काढलं. ही बातमी अंदमानहून मारेगावजवळच्या शेतात पोचली, तेव्हा नानाजी वेचलेल्या कापसाचं गाठोडं बांधत होते. फोनवर मुलगी, सुरभी होती.

"बाबा, आईले उद्या बोटीवर नेत नाही म्हनते मास्तर. पुन्हा तेच केलं तिनं."

"काय केलं?"

"श्वास धरला."

नानाजींना उमगेना. पाण्यात शिरायचं तर श्वास धरायचा, नाहीतर काय सोडायचा? पंचक्रोशीत त्यांच्या बायकोचं नाव होतं ते याच गुणावर. कुणाची घागर विहिरीत पडली की विमलताईंना बोलावणं यायचं. पदर खोचून, छाती भरून घेऊन त्या सुळकन तळ गाठायच्या. काठावरच्यांचा जीव टांगणीला लागायचा आणि मग आधी घागर वर यायची, मागून विमलताई. तांड्यावरच्या लालसिंगच्या बायकोचं चांदीचं कडंसुद्धा त्यांनी असंच गाळातून चाचपून काढलं होतं.

चाचपूनच. आत अंधार असायचा. म्हणून नोकरी लागल्यावर सुरभीने "आई, कुठी जायचं फिराले?" असं विचारलं, तेव्हा विमलताई म्हणाल्या होत्या, "जिथं तळ दिसते, तिथं." उद्याची बोट प्रवाळांवर जाणार होती, आणि परवा सकाळी दोघींचं परतीचं विमान होतं.

सुरभीने समजावून सांगितलं. पाठीवरच्या टाकीतून खोल पाण्यात घेतलेली हवा वर येताना छातीत फुगते. श्वास धरून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून तोंडातली नळी काढायला लावली तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं. विमलताईंना नियम तोंडपाठ होता. पण नळी निघाली की ओठ मिटायचे, छाती गच्च व्हायची.

दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून लालसिंग स्पीकरवरचं बोलणं ऐकत होता. "वैनीचं तोंड बंद राह्यते? नानाजी, हे तं तुमी घरी पाह्यलं नसन कधी!"

"तू आपला कापूस पाह्य ना बावा," नानाजी म्हणाले. हसू आलं, पण गाठोड्याची गाठ काही नीट बसली नाही.

दुपारी विमलताईंचाच फोन आला.

"अहो, जेवले का?"

"जेवलो. त्या मास्तराचा राग आला असन तुले."

"कायले? राजदीप पोरगं हाये, पन बरोबर सांगून राह्यलं. माझंच अंग आयकत नाही. आता बादलीत तोंड घालून बसली होती मी."

"मंग?"

"मंग चूल आठोली. ओल्या पऱ्हाटीले फुंकणी कशी मारतो आपन? जोरात फुंकलं तं राख डोळ्यात. थांबलं तं धूर. बारीक-बारीक फुंकत राहा लागते. आता नळी निघाली का मी म्हननार, विमल, समोर चूल हाये, इझू द्याची नाही."

पन्नाशी उलटलेली ही बाई, सगळ्या गावाने जिच्या बुडीला मान दिला, ती पोराच्या वयाच्या मास्तराकडून ती बुडीच विसरायला शिकत होती. तेही न रुसता.

"जमन तुले," नानाजी एवढंच म्हणाले.

संध्याकाळी व्हिडिओ आला. लालसिंग धुरा ओलांडून आला आणि दोघं मोबाइलवर वाकले. हिरवट पाण्यात, वाळूवर गुडघे टेकून विमलताई. अंगात काळा घट्ट पोशाख, समोर राजदीप. त्याने खूण केली. विमलताईंनी नळी काढली. ओठ मिटलेलेच. नानाजींचा श्वास अडकला. मग ओठांचा चंबू झाला आणि मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ सरसर वर निघाली, ती नळी परत तोंडात जाईपर्यंत तुटली नाही.

"पेटली!" लालसिंग ओरडला. "वैनीनं पान्यात चूल पेटोली!"

नानाजींनी तो व्हिडिओ वेचणीच्या बायांनाही दाखवला, कुणी न विचारताच.

राजदीपने मात्र पूर्ण होकार दिला नव्हता. "माँजी, यहाँ तो घुटनों पे हैं," तो म्हणाला होता. खरी परीक्षा बोटीपाशी होती. आधी दोरीला धरून थोडं खाली जायचं, नळी काढून दाखवायची, मग श्वास सोडत सावकाश वर यायचं. जमलं तर प्रवाळांकडे. एकदा जरी श्वास धरला, तर बोटीवर बसून राहायचं.

दुसऱ्या दिवशी नानाजी शेतात आले, पण फोन खिशात न ठेवता हातातच होता. नऊच्या सुमारास सुरभीचा निरोप आला. "बोट थांबली. पहिले आई उतरते. मी मागून."

त्यांनी लगेच फोन लावला. लागला नाही. लालसिंगने आपल्या फोनवरून लावून पाहिला. तोही लागला नाही.

"येते का वर वैनी?" त्याने विचारलं. या खेपेला त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"येईन ती. सावकाश या लागते म्हने," नानाजी म्हणाले.

साडेअकरापर्यंत दुसरा निरोप आलेला नव्हता. बोटीवर बसवून ठेवलं असतं तर तिचा फोन केव्हाच आला असता, असं म्हणत नानाजी कापूस वेचू लागले.