उभारणी सन १९८६

नरहरीनाना माणूस वाईट नव्हे, पण मोठेपणाची हौस दांडगी. सन शहाऐंशीत ते कोळवण खोऱ्यातल्या आपल्या गावचे सरपंच होते, आणि गावची दगडी धर्मशाळा गळायला लागली होती. दुरुस्तीला सरकारी निधी मिळेना, नव्या बांधकामाला मात्र मिळत होता. नानांनी डोकं चालवलं आणि कागदावर अख्खी धर्मशाळाच नवी बांधून टाकली! प्रत्यक्षात फक्त वर नवे पत्रे आणि दाराशी संगमरवरी कोनशिला: ‘उभारणी सन १९८६, सरपंच नरहरी यांच्या कारकिर्दीत.’ गावानं गुलाल उधळला.

खरी धर्मशाळा बांधली ती नानांच्या वडिलांनी, कुशाबांनी, आणि त्यांच्या जोडीदारांनी. साठेक वर्षांपूर्वी मुळशीच्या धरणात त्यांचं जुनं गाव गेलं, तेव्हा पाणी चढायच्या आत त्यांनी देवळाचे दगड उचकटले आणि डोंगर ओलांडून डोक्यावरून आणून इथं रचले. बुडालेल्या गावाचं तेवढंच काय ते शिल्लक होतं.

दोन हजार सातमध्ये रस्ता रुंद व्हायचं ठरलं. फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या वाढल्या होत्या ना! आखणी थेट धर्मशाळेवरून गेली. पण पुण्याची एक समिती जुन्या वास्तूंची यादी करत होती. पाऊणशे वर्षांवरची वास्तू यादीत आली, की रस्ता तिला वळसा घालणार. पेपरात हे वाचलं आणि नानांच्या जिवात जीव आला. आता वय सत्तरीचं. बापाची आठवण पूर्वी कधी येत नव्हती इतकी येत होती.

समितीच्या सुनीती मॅडम पाहणीला आल्या. तिशीची पोर, पण जाणकार. कोरीव दगडावरून हात फिरवत म्हणाल्या, “काका, हे तर देवळाचे दगड आहेत. फार जुनं काम दिसतंय.” नानांचा ऊर भरून आला. तेवढ्यात बाईंची नजर कोनशिलेवर गेली. वीस वर्षं रोज समोर असलेली ती फरशी नानांनी वाचायची केव्हाच सोडली होती; गाव मात्र आता तीच खरी धरून चाललं होतं.

“शहाऐंशी? म्हणजे ही तेव्हा बांधली?”

“व्हय तर!” नवा सरपंच चंद्रकांत कौतुकानं म्हणाला. “आमच्या नानांनीच बांधली. लई खटपट केली त्यांनी.”

सगळं गाव नानांकडं बघत होतं. अहो, एक शब्द बोलायचा होता! ‘न्हाई’ म्हणायचं, बस्स. पण इतक्या माणसांत आपणच आपल्याला खोटं कसं पाडायचं? नाना म्हणाले, “व्हय.”

बाईंनी लिहून घेतलं. नानांना तीन दिवस अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी एसटीनं पुणं गाठलं आणि बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले.

“पोरी, मी खोटं बोललो. धर्मशाळा माझ्या बापानं बांधली.”

“काका, पंचायतीतून शहाऐंशीचा नव्या बांधकामाचा दाखला आलाय. सही तुमचीच आहे.”

“खोटी सही केली मी. ती फरशी बसवली तवा बाप दारात उभा हुता. म्हणाला, ‘नऱ्या, मग आमी डोक्यावरनं काय वाहिलं रं?’ आणि मी हसलो. हसलो गं मी!” एवढा ताठ माणूस, त्या ऑफिसात लहान पोरासारखा रडला.

बाईंचेही डोळे भरले. त्यांनी सगळं नोंदवलं, समितीपुढं भांडल्या. समितीनं पुरावा मागितला. दगड वाहणारे केव्हाच गेले होते. कागद एकच होता, तो नानांचा. यादी आली, तीत धर्मशाळा नव्हती.

उन्हाळ्यात जेसीबी आला. पहिली भिंत ढासळली तशी नाना मटकन खाली बसले. चंद्रकांत धावत आला, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “नाना, रडू नका. पलीकडं नवी बांधू, आणि पुन्यांदा तुमचंच नाव लावू.”

“माझं न्हाई रं, बाबा… माझं न्हाई ते… माझ्या बापानं…” नानांना हुंदक्यानं पुढं बोलवेना, आणि जेसीबीच्या घरघरीत तेवढंही कुणाला ऐकू गेलं नाही.

बाया पदर डोळ्याला लावून हळहळत होत्या. “ज्यानं बांधली, त्यालाच पडताना बघावं लागतंय. काय नशीब म्हाताऱ्याचं!”