कोपरातले बिऱ्हाड

मित्रांनो, कोपर भिंतीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, त्या आठवून पाहा. आता मनानेच त्या वाटेने आत या. मी तिथे राहते. मी एक जुनी पेशी आहे. पनवेलजवळच्या मिठागरात राबणाऱ्या दाजींची मुलगी गोदू जन्मली, तेव्हापासून तिच्या कोपरात आहे.

निरोप नेणारा चेतातंतू वेगळा. मी त्याच्याभोवती चरबीचे वेटोळे घालून बसते, म्हणून बोटाचा निरोप क्षणात पोचतो. मला श्वान पेशी म्हणतात, कुत्र्यावरून नव्हे, श्वान नावाच्या शास्त्रज्ञावरून; आणि आमच्या कुळाला ग्लिया. मेंदूतही आमची भावंडे आहेत. ताऱ्यासारख्या पेशी रक्तातले अन्न चेतापेशींना पोचवतात. काहीजणी माझ्यासारखेच वेष्टण घालतात, पण त्यांतली एकेक जण अनेक तंतूंना. अगदी लहान असतात त्या पहारा देतात, घाण गिळतात. मेंदूतले पाणी हलते ठेवणाऱ्याही आहेत. आमचे नाव सहसा कोणी घेत नाही.

गोदू लहान असतानाच माझ्या घरात कुष्ठरोगाचे जंतू शिरले. कातडीजवळची थंड जागा त्यांना मानवते. ते भांडले नाहीत. नुसते बसले आणि वाढत गेले. माझी वेटोळी सुटू लागली. बोट चिरले, त्यावर खारे पाणी आले, तरी निरोप पुढे जाईना. मला ओरडता येत नाही.

बाहेर मात्र कौतुक चालले होते.

"बघ रे शिवा," भामाआत्या आपल्या मुलाला म्हणाली, "गोदूला मीठ झोंबत नाय. तुला काटा टोचला तं गाव गोला करतस."

"तिचा हात लाकडाचा हाय," शिवा म्हणाला.

सगळे हसले. गोदूही हसली, आणि चिरलेला हात मुद्दाम मिठाच्या पाण्यात बुडवून दाखवू लागली.

मित्रांनो, जिथे दुखायला हवे तिथे दुखेनासे झाले, तर कोणाला तरी सांगा.

पुढे गावात तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. गोदूच्या हातावरचा फिकट चट्टा पाहून त्या थांबल्या. असाच चट्टा निघालेल्या रंभाकाकीला गावाने बांधापलीकडे झोपडी घालून दिली होती. तिची भाकरी लांबूनच ठेवत. गोदूला हे ठाऊक होते.

"गोळ्यांनी हे थांबतं," बाई म्हणाल्या. "पण कुठवर गेलंय ते मला कळायला हवं. डोळे मीट. कापूस लागेल तिथे बोट ठेव."

गोदूने पापणी किंचित उघडली. कापूस करंगळीवर फिरत होता. तिथे बोट ठेवले की झोपडी टळली असती. पण आतले जंतूंचे बिऱ्हाड वाढले असते, माझ्यामागोमाग तंतू मेला असता आणि बोटे कायमची वाकली असती.

तिचे बोट करंगळीकडे निघाले आणि मध्येच थांबले.

"मी चोरून बघत व्हते, बाई," ती म्हणाली. "मना काय लागत नाय."