बादलीतला गाबा

प्रयोगशाळेतली काचेची भांडी मी बावीस वर्षं धुते. नियम असा: आधी नळाचं पाणी, मग तीनदा शुद्ध पाणी. पण शहरात रोज नवा टॉवर उठतो, टँकर तिकडंच वळतात, आणि कॉलेजची टाकी मार्चपासून कोरडी.

पीएचडी करणाऱ्या नीरजाचं पाच वर्षांचं काम आज पणाला लागलं होतं. मेंदूतल्या चांदणीसारख्या पेशी गाबा स्वतः बनवतात, असं तिचं म्हणणं. गाबा म्हणजे मेंदूचा गोंगाट शांत करणारं रसायन. ते चेतापेशीच बनवतात, या चांदण्या नुसत्या हमाल, असं तिच्या गाइड सरांचं. आज तिच्या पेशींच्या बाटलीत गाबा सापडला.

"बाटल्या घाण असतील," सर म्हणाले. "मागच्या प्रयोगाचा गाबा चिकटून राहिला. मावशींनीच धुतल्या ना?"

एका बाटलीचं शेवटचं पाणी मी बादलीत धरायचे, पुढच्या बाटलीला पहिलं पाणी तेच. मुकुंदवाडीत घरी तांदळाच्या धुवणानं भांडी विसळतो, तसं. विचारलं असतं तर काम बंद पाडलं असतं. म्हणून विचारलंच नाय.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं.

"मावशी! कधीपासून?" नीरजाचा चेहरा पांढरा पडला.

"मार्चपासून."

सर हसले. "संपलं. थिसिस बादलीत!"

"हसता काय?" मी म्हणाले. "बादली तपासा की आधी. अन् पेशी न घातलेली एक बाटलीबी. तीबी त्याच पाण्यानं धुतलीय."

बादलीत गाबा निघाला, तर नीरजाची पाच वर्षं गेली, माझी नोकरी गेली. यंत्रात एकेका नमुन्याला वीस मिनिटं.

पडद्यावर बादली: सपाट रेघ, म्हणजे गाबा नाही. रिकामी बाटली: सपाट. मग पेशींची बाटली. रेघ सरपटत राहिली, राहिली, आणि उठली. उंच.

नीरजा स्टुलावर मटकन बसली.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पण बादलीचं लिहू नको. नियमाप्रमाणे धुतलं, एवढं पुरे. कॉलेजची लाज जाईल."

"टाकी कोरडी पडली तवा कुठं होती लाज?" मी म्हणाले.

नीरजानं वही ओढली आणि लिहिलं: धुण्याचं पाणी बादलीत धरून पुन्हा वापरलं. धुणारी, वच्छलाबाई... पेन थांबलं.

"मावशी, आडनाव काय तुमचं?"

बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सरांकडं बघत, मोठ्यानं.