नुसता रंग

प्रयोगशाळेत तिला सगळे मिरची म्हणत, आणि त्या आठवड्यात तर ती नुसती भडकलेली होती. भडकेल नाही तर काय करेल!

तिचा विषय अ‍ॅस्ट्रोसाइट. मेंदूतल्या चांदणीच्या आकाराच्या या पेशी. चेतापेशींनी घातलेला पसारा निमूट आवरतात आणि नाव चेतापेशींचं होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा दावा असा, की फिट येते तेव्हा आधी या पेशीच पेटतात, म्हणजे एकदम खवळतात. चोर घरातलाच! मिरचीच्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येत. तिने तो दावा डोळे मिटून मानला होता.

पेशी दिसाव्यात म्हणून उंदराच्या मेंदूच्या पातळ कापाला लाल रंग द्यायचा, मग फिट आणणारं औषध सोडायचं आणि चित्रफीत घ्यायची, ही तिथली रीत. औषध न घालता नुसता रंग दिला तर काय होतं, हे कुणी पाहिलंच नव्हतं. रंग बिचारा काय करणार! मिरचीने पाहिलं. औषधाचा थेंब नव्हता, तरी काप पेटला. रंग पातळ केला, तर काप गप्प.

ती तशीच सरांकडे गेली.

"नळीत जुनं औषध राहिलं असेल," सर म्हणाले.

"नळी नवी होती, सर."

"लेख छापायला गेलाय. आता खोडा घालू नकोस. आणि उद्या व्याख्यानाला भावाला आण. समोर माणूस दिसला की लोकांना पटतं."

तिची कानशिलं तापली. भावाला मात्र केवढं कौतुक! इस्त्रीचा शर्ट घालून तो पहिल्या रांगेत बसला. "ताई, माझ्या डोक्यातला चोर सापडला म्हणे!" त्याच्या तोंडावरचं हसू पाहून तिला सरांचा आणखीच संताप आला.

सरांनी त्याला उभं केलं. "अशा मुलांसाठी आम्ही झटतोय!" टाळ्या पडल्या. तो कानकोंडा होऊन हसला.

"लाव गं चित्रफीत," सर म्हणाले.

संगणकापाशी बसलेल्या मिरचीने लावली. आपली, बिनऔषधाची.

सरांना चेव आला. "पाहा! औषध पोचलं आणि पेशी पेटल्या! इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचं नाही!"

"सर, यात औषध नाहीच." मिरची उठली. "नुसता आपला रंग आहे. ही फिट आपणच आणलीय. कालच सांगितलं होतं तुम्हाला."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी सावरून घेतलं. "मुलगी जरा हळवी आहे. घरात आजारपण, समजून घ्या."

पहिल्या रांगेत भाऊ अजून उभाच होता. त्याला बस म्हणायला सर विसरले होते.

"मग मला उभं कशाला केलंत?" त्याने विचारलं.