बंडलकाकांची गुलाबी बुकणी

दांडा जांभळा होता. एवढंच दिसलं आणि मी अशी किंचाळले की पलीकडच्या झाडाखाली वाकलेले आमचे अध्यक्ष दचकून बुडावर आपटले.

"साप?" ते बसल्याबसल्याच ओरडले.

"साप कसला! इकडे या! पाय जपून टाका, तुडवाल!"

कुजक्या ओंडक्याच्या पोटाशी सात अळंब्या होत्या. पिवळ्या टोप्या, टोप्यांना जांभळी किनार, खाली जांभळे दांडे. किनार तर इतकी सफाईची की मी वीस वर्षं शिवणकाम करते, मला तशी जमणार नाही.

आमच्या मंडळाचं नाव छत्री मंडळ. आम्ही अकरा जण दर शनिवारी रानात जातो, अळंब्या शोधतो, मोजतो, हुंगतो, त्यांची चित्रं काढतो आणि वहीत नोंद करतो. खात नाही. तो मंडळाचा पहिला नियम. दारावर पाटी लावल्यापासून लोक मोडक्या छत्र्या दुरुस्तीला घेऊन येतात. दोन तर मी करूनही दिल्या, कोण समजावत बसणार!

अध्यक्ष पँट झटकत आले, गुडघे टेकून बसले, भिंग लावलं आणि एकेक टोपी वरून-खालून निरखली. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणी काही सांगितलं की आधी "पुरावा?" विचारतात. घरी जेवण झालंय म्हटलं तरी विचारत असतील.

"साधी पिवळी आहे," ते शेवटी म्हणाले. "थंडीत तिचाही दांडा कधीकधी जांभळा पडतो."

"आणि किनार?"

"टोपीच्या बुकणीचा ठसा घ्या, मग बोलू."

"गुलाबी आला तर?"

त्यांनी भिंग खाली केलं. मी काय म्हणतेय ते त्यांना बरोबर कळलं होतं.

आमच्या वहीत तीस वर्षांपूर्वीची एक नोंद आहे. 'पिवळी टोपी, जांभळी किनार, बुकणी गुलाबी', आणि पुढे लाल शाईत भलंमोठं प्रश्नचिन्ह. नोंद औषधाच्या दुकानवाल्या काकांची. प्रश्नचिन्ह अध्यक्षांचं.

झालं होतं असं. काकांना तेव्हा ही अळंबी सापडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुलाबी बुकणीची पुडी आणून सगळ्यांना दाखवली. अध्यक्षांनी त्याच अळंबीची दुसरी टोपी घरी नेली होती. त्यांचा ठसा आला पांढरा. भर बैठकीत ते म्हणाले, "औषधाच्या दुकानात गुलाबी भुकटीला काय तोटा?" अळंबी पुन्हा कधी कुणाला सापडली नाही, आणि काकांना नाव पडलं बंडलकाका. पुढे ते लाडाचं झालं. मी मंडळात आले तेव्हा मला त्यांचं दुसरं नाव कुणी सांगितलंच नाही. मीही सहा वर्षं हसतहसत हाक मारत आले. काकाही ओ देत आले.

पण एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. "पन्नास वर्षं लोकांना औषधं दिली गं मी. एका पुडीत कधी भेसळ नाही केली." एवढं बोलून लगेच विषय बदलला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे नाव त्यांना टोचतं. मला नाही कळलं. स्वतःला शहाणी समजते, दुसरं काय!

आता काका चौऱ्याऐंशीचे झालेत. नजर अधू झाली म्हणून लेक त्यांना कायमचं तिच्या गावी घेऊन जाणार होती. रविवारी बारा वाजता तिची गाडी येणार. दहा वाजता मंडळात निरोप. त्यासाठी मी अळंब्या गोळा करायची एक झकास पिशवी शिवली होती आणि तिच्यावर टपोऱ्या अक्षरांत भरलं होतं, 'आमच्या बंडलकाकांना'.

म्हणजे माझ्या हातात एक शनिवारची रात्र होती.

घरी येऊन टोपी कापली. खालच्या बाजूला पातळ पडदे असतात, मी त्यांना चुण्या म्हणते. चुण्या खाली करून टोपी कागदावर ठेवायची, वर वाडगा पालथा घालायचा. सकाळपर्यंत चुण्यांमधून बारीक बुकणी झडते आणि कागदावर ठसा उमटतो. बुकणीच्या रंगावरून जात ठरते. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा घ्यायचा, म्हणजे कुठलाही रंग सुटत नाही. मी दोन टोप्या ठेवल्या आणि वाडग्यावर चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'.

"माझाच वाडगा आणि मलाच हुकूम?" सासूबाई म्हणाल्या.

"एका रात्रीपुरता, आई. प्लीज."

"विष आहे का त्यात?"

"कोण जाणे!"

"मग तो वाडगा आता तुझाच," असं म्हणून त्या झोपायला गेल्या.

सकाळी सातला वाडगा उचलला. काळ्या कागदावर चुण्यांची नक्षी सुरेख उठली होती. पांढरी. पांढऱ्या अर्ध्यावर काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्या टोपीचंही तेच.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, आधी राग आला आणि मग रडू आलं. अध्यक्षांचं 'पुरावा?' कानात वाजायला लागलं. काका खरंच बंडल मारत होते की काय, असंही मनात येऊन गेलं आणि त्याची मलाच लाज वाटली.

डोकं शांत करायचं तर हाताला काम हवं. पुढच्या खोलीतच माझं दुकान. अध्यक्षांची काळी पँट उंची कमी करायला आली होती, ती पसरली आणि खडूने खूण करायला लागले. मशीनच्या टेबलाचा खण उघडाच होता. सासूबाई फडकं घेऊन मागे उभ्या.

"हा खण कधी पुसतेस की नाही? केवढी गुलाबी भुकटी साचलीय!"

"गुलाबी नाही हो आई, पांढरा खडू आहे. ही बघा रेघ."

"मला मोतीबिंदू आहे, आंधळी नाही झाले. ये, बघ."

मी पाहिलं. पँटवरची रेघ पांढरी होती. खणाच्या कोपऱ्यात वर्षभराची भुकटी साचून ढीग झाला होता आणि तो ढीग चक्क गुलाबी होता. तोच खडू! रेघ पातळ म्हणून पांढरी दिसत होती, ढीग दाट म्हणून गुलाबी.

"अगं बाई!" मी ओरडले. "आई! तुमच्या तोंडात साखर पडो!"

"साखर नको, खण पूस."

खण कसला पुसते! आत धावले. ब्लेडने काळ्या कागदावरची बुकणी हलक्या हाताने मधोमध खरवडून आणली. बुकणी उडू नये म्हणून श्वास रोखून धरला. दोन्ही टोप्यांची मिळून मसुराच्या दाण्याएवढी रास झाली. मग ती ब्लेडच्या टोकाने पांढऱ्या अर्ध्यावर सरकवली.

गुलाबी. तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी गुलाबी!

मी सासूबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "अगं, विषाचे हात!" मी हात धुतले, पुन्हा मिठी मारली, आणि कागद डब्यात ठेवून, केस न विंचरता, डबा छातीशी धरून निघाले. पिशवी घेतली. अध्यक्षांची पँट अर्धवट राहिली ती राहिलीच.

मंडळाच्या खोलीत सगळे जमले होते. काका कोट घालून खुर्चीत बसले होते, हात काठीवर. अध्यक्ष निरोपाचं भाषण खिशातून काढत होते.

"भाषण नंतर!" मी दारातूनच म्हणाले. "काका, एक सांगा. तीस वर्षांपूर्वी तुम्ही ती बुकणी कागदावर तशीच ठेवली होती की गोळा केली होती?"

खोलीत कुणीतरी "झालं सुरू" म्हणालं. काकांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"गोळा केली की. गोळा केल्याशिवाय पुडी कशी बांधणार?"

"हे तेव्हा सांगितलं नाहीत कुणाला?"

"त्यात काय सांगायचं? बुकणी दिसली की सुरीने ओढून रास करायची, मग कागदात घ्यायची. हाताची सवय. कुणी विचारलंही नाही."

मी डबा उघडला आणि कागद टेबलावर ठेवला. अध्यक्ष वाकले. भिंग लावलं. उठले, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. परत आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण पडलो तरी नाक वर!

"हे तुमच्या दुकानातून आणलंत. खडूची भुकटी उडून मिसळली नसेल कशावरून?"

माझं टाळकं सटकलं. "म्हणजे तेव्हा औषधाची आणि आता खडूची? सर, तुमच्याकडे तुमचा स्वतःचा ठसा आहे ना? तीस वर्षं कपाटात कुलूपबंद? काढा! तुमच्याच ब्लेडने खरवडा! मी हातसुद्धा लावत नाही, ही बघा, लांब उभी राहते!"

मी खरंच भिंतीला पाठ लावून उभी राहिले. अध्यक्षांनी एकदा काकांकडे पाहिलं. मग किल्ली काढली. हे मात्र कबूल करायला हवं, माणूस हट्टी आहे पण लबाड नाही. वहीतलं पान काढलं, त्याला चिकटवलेलं पिवळं पडलेलं पाकीट फोडलं, आतला काळा कागद उलगडला. मधोमध पांढरी फिकट नक्षी. खाली त्यांच्याच अक्षरात तारीख.

आधी त्यांनी साध्या पिवळीचा एक जुना ठसा घेतला आणि त्याची रास करून पाहिली. पांढरी ती पांढरीच राहिली. मग आपला ठसा पुढे ओढला आणि कडेकडेने खरवडायला घेतलं. आम्ही सगळे टेबलाभोवती गोळा झालो, मीही भिंत सोडली. कुणी शिंकू नये म्हणून दोघांनी नाकं धरली होती. रास मोहरीएवढी झाली. अध्यक्षांनी ती पांढऱ्या कागदावर घेतली आणि तिथेच थांबले.

"काय झालं?" काकांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं. "कुणी बोलत का नाही?"

"काका," अध्यक्ष म्हणाले. आजवर ते कधी नुसतं काका म्हणाले नव्हते. "गुलाबी आहे."

"कुठली? हिची?"

"माझी. माझाच ठसा. तीस वर्षं माझ्याच कपाटात. काखेत कळसा आणि..." त्यांनी चष्मा काढला. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर भेसळीचं बोललो होतो. आता सगळ्यांसमोरच सांगतो. माझं चुकलं."

मग काय विचारता! टाळ्या, आरोळ्या, एकाने तर टेबल बडवायला घेतलं आणि अध्यक्ष "बुकणी उडेल! बुकणी उडेल!" म्हणून त्यावर आडवे झाले. मी रडत होते आणि हसत होते.

काका हसत नव्हते. त्यांनी काठी खाली ठेवली होती आणि दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले होते.

"मला अलीकडे वाटायला लागलं होतं," ते हळू म्हणाले, "की मीच काहीतरी मिसळलं असेल. इतके जण म्हणतात, तर माझ्याच हातून झालं असेल. रोज वाटायचं."

अध्यक्षांनी वही उघडली, लाल प्रश्नचिन्हावर काळ्या शाईची आडवी रेघ ओढली आणि खाली सही केली. मग काकांचं बोट धरून त्या ओल्या रेघेवर ठेवलं. बोटाला शाई लागली. काकांनी ती पुसली नाही.

बाहेर गाडी आली. लेकीचा आवाज आला, "बाबा, निघायचं का?"

आणि मला पिशवी आठवली. मी घाईघाईने पर्समधून छोटी कात्री काढली.

"काका, दोन मिनिटं थांबा. पिशवीवर मी ते... तसलं नाव भरलंय. आत्ता उसवते. खरं नाव सांगा, गाडी निघायच्या आत भरून देते."

"आण इकडे."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. शाईचं बोट अक्षरांवरून फिरवलं, एकेक टाका चाचपत. बं, ड, ल. तिथे थोडं थांबले आणि मग त्यांना हसू फुटलं, अगदी आतून.

"राहू दे गं. तीस वर्षं वापरलंय, आता अंगाला बसलंय," ते म्हणाले. "फक्त पुढे प्रश्नचिन्ह घालू नकोस."