पेशंटचं कोण आहे?

मी एक जुना शब्द आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. माझं नाव पेशंट.

मित्रांनो, माझा जन्म लॅटिन भाषेतला. तिथे माझा अर्थ होता सोसणारा. पुढे फ्रेंचांच्या तोंडून मी इंग्रजीत गेलो. तिथे आजाऱ्याला मीच लागलो आणि धीर धरणाऱ्यालाही मीच. तुमच्याकडे आलो तो फक्त आजाऱ्याचा होऊन. रुग्ण हा शब्द इथे आधीपासून होता. तो कागदावर राहिला, बोलण्यात मी शिरलो.

या दवाखान्याच्या भिंतीवर मला एका पेंटरने आणलं. 'पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबेल' अशी पाटी त्याने रंगवली. एकेक अक्षर झालं की तो व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा आणि तिथून मला न्याहाळायचा. येणारे-जाणारे अक्षराचं कौतुक करायचे. पुढे पाटीवर धूळ बसली, कोपऱ्याचा रंग उडाला. लोकांच्या तोंडी मात्र मी दिवसभर राबत होतो.

मग एक दिवस तोच पेंटर स्ट्रेचरवरून या पाटीखालून आत गेला. सोबत त्याची मुलगी होती. "पेशंटचं कोण आहे?" असं कुणी ओरडलं की ती उठायची. सही करायची, औषधं आणायची, पुन्हा बसायची. हळूहळू मी तिच्याही जिभेवर बसलो.

"हो आत्या," ती फोनवर सांगत होती, "पेशंट शांत आहे. पेशंटने थोडं दूध घेतलं."

पेंटरने डोळे उघडले. "कोण गं हा? बरा आहे का बिचारा?"

"बाबा, इथे सगळे तसंच म्हणतात. तोंडात बसलंय."

"मला नको सांगूस. मीच रंगवलाय तो. लांबून वाचायचा शब्द आहे." तो थांबला. दम लागला होता. "तू जवळ बसलीयस ना? मग बाबा म्हण."

"बरं."

तेवढ्यात डॉक्टर आले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "पेशंटला सकाळपासून धाप लागतेय."

पेंटरने मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. मित्रांनो, श्वास थांबला की माझी नोकरी संपते. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला आणि त्याने विचारलं, "बॉडीचं कोण आहे?"

मुलगी सवयीने उठली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने चादरीची घडी सारखी केली.

"हे माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "सावकाश उचला. बाबांचा उजवा खांदा दुखतो."

वॉर्डबॉय क्षणभर थांबला. मग त्याने खरंच सावकाश उचललं.

मित्रांनो, मला दारावर लिहा, खिडकीवर लिहा, व्हरांड्यात खुशाल ओरडा. मी त्यासाठीच आहे. पण उशाशी बसाल तेव्हा मला बाहेर पाटीवरच राहू द्या. आत माणसाला त्याच्या नात्याने हाक मारा, त्याला ऐकू येतंय तोवर.